बिबट्याच्या शेजारात राहताना: मळ्यातील वस्त्यांनी आणि पुण्याच्या वेशीवरील सोसायट्यांनी घ्यायची काळजी

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत बिबट्या हा डोंगरातून वाट चुकून खाली उतरलेला प्राणी राहिलेला नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी कालव्यांवाटे शिवारात पोहोचले, बाजरीच्या जागी ऊस आला, आणि आडसाली लागणीचा ऊस १६ ते १८ महिने रानात उभा राहत असल्यामुळे दडण्याची, पाण्याची आणि पिल्ले वाढवण्याची सोय बिबट्याला एकाच ठिकाणी मिळाली. उसाचा एक फड तुटला की तो शेजारच्या फडात सरकतो. आज या पट्ट्यात वावरणारे कित्येक बिबटे उसातच जन्मले आणि उसातच वाढले आहेत. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या त्या शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले होते.

पुणे शहरही यातून सुटलेले नाही. वारजे, बावधन, सूस, कात्रज आणि सिंहगडाचा पायथा या बाजूंना इमारती टेकड्यांना जाऊन भिडल्या आहेत, आणि लोहगाव विमानतळाच्या आवारात २०२५ मध्ये एक बिबट्या कित्येक महिने वावरत होता. पुढील मजकूर मळ्यातील वस्ती आणि शहराच्या वेशीवरील सोसायटी या दोन्ही ठिकाणच्या कुटुंबांसाठी आहे. माझे मुख्य म्हणणे आधीच सांगतो: बिबट्या समोर आल्यावर माणसाच्या हाती फार थोडे उरते, तो येण्यापूर्वी गोठ्यात, उकिरड्यावर, पाणी धरण्याच्या वेळेत आणि शौचालयाच्या वाटेवर करण्यासारखे पुष्कळ असते, आणि बहुतेक जीव तेथेच वाचतात.

पिंजऱ्याकडून काय अपेक्षा ठेवावी

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांच्या अवधीत दोन मुले आणि एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडली आणि संतप्त लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. ज्या घरातले मूल गेले त्या घराला सहजीवनाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. माणसांवर पुन्हा पुन्हा हल्ला करणारा प्राणी तेथून हलवलाच पाहिजे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशाची तरतूद आहे.

मात्र नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडून दूर सोडण्याचा परिणाम काय होतो, हे जुन्नरने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात अनेक बिबटे पिंजऱ्यात पकडून सरासरी ४० किलोमीटर अंतरावरील जंगलांत सोडण्यात आले, आणि पूर्वी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले त्या काळात १७ वर गेले. परक्या मुलखात सोडलेला प्राणी बावरलेला असतो, तेथे आधीच राहणारे बिबटे त्याला टिकू देत नाहीत, तो आपल्या ठिकाणाकडे परतू पाहतो, आणि इकडे मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा, बहुधा तरुण व अननुभवी नर येऊन बसतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेल्या आणि रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने महिनाभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालत जाऊन मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठले होते. तेव्हा ‘लांब नेऊन सोडा’ या मागणीतून गावाला मिळणारा दिलासा फार काळ टिकत नाही, आणि पकडलेल्या प्रत्येक बिबट्याला जन्मभर ठेवून घेण्याइतकी जागा माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातही नाही.

त्यामुळे ग्रामसभेत ठराव करताना मागणी नेमकी असावी. माणसावर हल्ला झाला असेल किंवा बिबट्या वारंवार घराच्या ओट्यापर्यंत येत असेल, तर पिंजरा आणि स्वयंचलित कॅमेरे दोन्ही मागावेत. कॅमेऱ्यांमुळे नेमका कोणता प्राणी येतो हे कळते आणि भलताच बिबट्या अडकण्याची शक्यता कमी होते. केवळ शेताच्या बांधावर दिसला असेल, तर रात्रीची गस्त, गोठ्यांच्या जाळीसाठी साहाय्य आणि वस्तीवर दिवे ही मागणी अधिक उपयोगाची ठरते. लावलेल्या पिंजऱ्याभोवती गर्दी करू नये. त्यात पिल्लू अडकले असेल तर मादी जवळच्याच उसात असते हे गृहीत धरावे, आणि वनकर्मचारी येईपर्यंत त्या बांधाकडे कोणीही फिरकू नये.

उकिरडा, कुत्री आणि मेलेली जनावरे

अमेरिकेच्या वायव्येकडील मोंटाना राज्यात ग्रिझली अस्वलांनी असाच आपला मुलूख वाढवला आहे. १९७५ मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले, तेव्हा अलास्का वगळता त्या देशात ७०० ते ८०० ग्रिझली उरली होती. आज ती सुमारे २,००० आहेत आणि पर्वतातून उतरून गुरांच्या कुरणांपर्यंत पोहोचली आहेत. तेथील ब्लॅकफूट नदीच्या खोऱ्यातील पशुपालकांनी एकत्र येऊन जी कामे हाती घेतली, त्यांतले एक मेलेली गुरे रानातून उचलून नेण्याचे होते. विण्याच्या हंगामात मेलेली वासरे कुरणाच्या कडेला टाकण्याची जुनी रीत त्यांनी मोडली, आणि वासरांच्या आवारांना व मधमाश्यांच्या पेट्यांना विजेची कुंपणे घातली. अस्वल कशासाठी येते हे ओळखून ती वस्तूच त्याच्या वाटेतून काढून घेतल्यामुळे तेथील तंटे कमी झाले. आपला प्राणी वेगळा आहे, परंतु पहिला प्रश्न तोच विचारला पाहिजे: तो आपल्या दारात कशासाठी येतो?

अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीत या प्रश्नाचे उत्तर मिळाले. त्यांच्या खाद्याचा ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातील प्राण्यांचा होता, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कित्येक पट असूनही खाद्यातील शेळ्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच भरला, कारण रात्री शेळी कोंडलेली असते आणि कुत्रा मोकळा असतो. कुत्री तेथे गोळा होतात जेथे खरकटे पडते. पोल्ट्रीतील मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा उसाच्या कडेला फेकल्या जातात, मटणाच्या दुकानांतील टाकाऊ भाग रस्त्याकडेच्या खड्ड्यात जातो, मंगल कार्यालयांच्या मागे पत्रावळींचे ढीग साचतात, आणि त्यामागे कुत्र्यांच्या टोळ्या व टोळ्यांमागे बिबट्या येतो. मला विचाराल तर गावाने एकच काम करायचे ठरवले तरी ते हेच असावे. पोल्ट्रीचालकांनी मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत, मेलेले जनावर उघड्यावर टाकण्याची जागा बंद करावी, कचरा सूर्यास्तापूर्वी उचलला जावा, आणि मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी ग्रामपंचायतीने किंवा महापालिकेने नियमित मोहीम घ्यावी.

राखणीचा कुत्रा ठेवणाऱ्यांनी त्याला रात्री अंगणात साखळीने बांधून ठेवू नये, कारण बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही आणि तो बिबट्याला थेट उंबरठ्यापर्यंत आणतो. कुत्रा रात्री पडवीत, जाळीच्या आत किंवा घरात असावा, आणि त्याच्या गळ्यात बाहेरच्या बाजूस खिळे असलेला रुंद पट्टा असावा. मेंढपाळ धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असा पट्टा पूर्वीपासून दिसतो. बिबट्या मान पकडतो, म्हणून पट्टा मानेलाच हवा.

गोठा

बिबट्याला प्रौढ माणसाच्या उंचीची भिंत सहज ओलांडता येते आणि झाडावरून पत्र्यावर उतरता येते. म्हणून केवळ चार बाजूंना कूड घातलेला, वर मोकळा असलेला गोठा हा गोठा नसून सापळा आहे, आणि त्यात सापडतात ती आपली जनावरे. आत शिरलेल्या बिबट्याभोवती जेव्हा शेळ्या सैरभैर धावू लागतात, तेव्हा तो एकीवर थांबत नाही. एका रात्रीत सगळा कळप गेल्याच्या घटना बहुतेक अशाच अर्धवट बंद गोठ्यांत घडतात.

शेळ्या, करडे आणि वासरे यांच्यासाठी निदान एक खोली तरी पूर्ण बंद असावी. खाली दोन-अडीच फूट विटांचे किंवा दगडाचे बांधकाम, त्यावर लोखंडी कोनांत घट्ट ताणलेली चेन-लिंक जाळी, आणि छताला पत्रा किंवा तीच जाळी, एवढे पुरते. जाळीची भोके इतकी लहान असावीत की पंजा आत जाणार नाही, कारण मोठ्या भोकांतून जनावर बाहेरून ओढले जाते. छत आणि भिंत यांमध्ये हवेसाठी ठेवलेली फट जाळीने बंद करावी. दार लाकडी फळ्यांचे असेल तर तळाशी फट राहू देऊ नये, कारण तेथून उकरून आत शिरता येते. दाराला बाहेरून कडी आणि आडणा असावा. गोठ्यावर झुकलेली फांदी तोडावी. मोठी दुभती जनावरे दावणीला उघड्यावर बांधावी लागत असतील, तर वासरू त्यांच्याजवळ न ठेवता रात्री आत घ्यावे.

गोठ्याइतकेच त्याच्याभोवतीच्या मोकळ्या जागेचे महत्त्व आहे, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. घराच्या भिंतीला लागून ऊस, मका किंवा हत्तीगवत उभे असेल तर बिबट्या दारापासून चार पावलांवर बसला तरी दिसत नाही. घर आणि उंच पीक यांच्यामध्ये जमेल तेवढा, निदान २५ ते ३० फुटांचा पट्टा मोकळा ठेवावा, किंवा त्यात कांदा, लसूण, भुईमूग, मेथी असे ठेंगणे पीक घ्यावे. थोड्या गुंठ्यांचे उत्पन्न कमी होते हे खरे आहे. ज्यांची जमीनच थोडी आहे त्यांना ते जड जाते हेही खरे आहे. तरीही लहान मूल असलेल्या घराने ही तडजोड करावी, असे मी आग्रहाने सांगेन. सामायिक बांध असेल तर शेजाऱ्याशी बोलून दोघांनी पट्टा निम्मा-निम्मा सोडावा.

सौर कुंपण बसवणार असाल तर ते अधिकृत यंत्रावरचेच असावे, कारण त्यातून येणारा झटका क्षणिक आणि मर्यादित असतो. घरच्या किंवा मोटारीच्या वीजवाहिनीतून तार जोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात आपलीच माणसे मरतात. मेंढ्यांचे वाडे घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबांनी वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, उसापासून दूर, मोकळ्या माळावर लावावी, जाळी खाली मेखांनी पक्की करावी, लहान मुलांना वाड्याच्या मधल्या भागात निजवावे आणि रात्रभर एकाने जागे राहावे.

रात्रीचे पाणी, मुले आणि शौचालयाची वाट

शेतीसाठी थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकऱ्याला दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, अंधारात जावेच लागते. याला ‘रात्री बाहेर पडू नका’ हे उत्तर नाही. ते सांगणाऱ्याचा ऊस वाळत नसतो. मोटार चालू-बंद करण्यासाठी मोबाइल स्टार्टर बसवल्यास निम्म्या खेपा वाचतात आणि ठिबक असेल तर आणखी वाचतात. जावेच लागले तर दोघांनी जावे. हातात मोठ्या झोताची बॅटरी आणि घुंगरू बांधलेली काठी असावी, मोबाइलवर मोठ्याने गाणी किंवा भजने लावावीत, आणि बांधावर वाकून दार फोडताना दुसऱ्याने उभे राहून चहूकडे बॅटरी फिरवत राहावे. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याच्या नजरेला उभ्या माणसासारखा दिसत नाही, तर एखाद्या लहान जनावरासारखा दिसतो. गवत कापणाऱ्या, खुरपणाऱ्या आणि शौचाला बसलेल्या माणसांवर हल्ले होण्यामागे हेच कारण आहे. शिरूर-जुन्नर भागात शेतकरी आता खिळ्यांचे गळपट्टे घालून शेतात जातात, तेही याचसाठी. माणसाला असे वावरावे लागते हे पाहून मन विषण्ण होते, पण पट्टा मिळत असेल तर तो अवश्य वापरावा. दिवसा वीज मिळावी हा या सर्वांवरचा खरा उपाय असून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून आपल्या उपकेंद्राला दिवसाचा पुरवठा मिळावा, असा ठराव ग्रामसभेने करून त्याचा पाठपुरावा करावा.

मुलांच्या बाबतीत नियम थोडे आणि कडक असावेत. दिवेलागणीनंतर आणि उजाडण्यापूर्वी दहा-बारा वर्षांखालील मुलाने एकट्याने अंगणाबाहेर जाऊ नये. दुकानातून साखर आणायला नाही, शेजारच्या वस्तीवर दूध पोहोचवायला नाही आणि शौचालयालाही नाही. शाळेची वाट उसातून जात असेल तर मुलांनी गटाने, बोलत, गाणी म्हणत जावे आणि लहान मुले मधे असावीत. गटाच्या पुढे आणि मागे मोठे माणूस असणे उत्तम, म्हणून पालकांनी पाळ्या लावून घ्याव्यात. उन्हाळ्यात अंगणात निजण्याची सवय सोडावी किंवा पडवीला जाळी लावून तेथे निजावे. शौचालय घराला लागून असावे आणि वाटेवर दिवा असावा; पाण्याची टाकी नसल्यामुळे शौचालय बंद ठेवणारी घरे आजही आहेत, आणि बिबट्याच्या पट्ट्यात ते केवळ अस्वच्छतेचे कारण राहत नाही.

साखर कारखान्यांच्या हंगामात बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोड कामगारांचा विचार या सगळ्यात सर्वांत शेवटी होतो, आणि धोका मात्र त्यांच्याच मुलांना सर्वांत जास्त असतो. आई-वडील पहाटे फडात जातात, कोप्यांना, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांना, दार नसते, तान्हे मूल झोळीत किंवा फडाच्या कडेला ठेवलेले असते. ज्याच्या शेतात तोड चालू आहे त्या शेतकऱ्याने, मुकादमाने आणि कारखान्याच्या शेती विभागाने मिळून कोप्या उभ्या उसापासून दूर, मोकळ्या आणि दिवे असलेल्या जागेवर उभारून द्याव्यात, फिरत्या शौचालयांची सोय करावी, आणि तोड चालू असताना मुलांना सांभाळण्यासाठी टोळीतील एका मोठ्या माणसाला मजुरी देऊन मागे ठेवावे. ही मजुरी टनामागे वाटून घेतली तर फार थोडी पडते.

तोडणी आणि पिल्ले

तोडणी सुरू करण्यापूर्वी फडाभोवती डबे वाजवत, बोलत एक फेरी मारावी आणि तोड एका बाजूने सुरू करून पुढे सरकत न्यावी, म्हणजे आतल्या प्राण्याला समोरच्या बाजूने शेजारच्या फडात निघून जाता येते. चारही बाजूंनी तोडत मध्ये उसाचे बेट शिल्लक ठेवणे सर्वांत धोक्याचे आहे, कारण कोंडीत सापडलेली मादी माणसांच्या दिशेनेच बाहेर पडते. फड पेटवून तोडणी करण्याची पद्धत तर पूर्णपणे टाळावी. त्यात न पळू शकणारी पिल्ले होरपळतात.

बिबट्याची मादी बहुधा दोन किंवा तीन पिल्लांना जन्म देते आणि भक्ष्य शोधायला जाताना त्यांना दाट उसात ठेवून जाते. तोडीत अशी पिल्ले सापडली म्हणजे ती अनाथ आहेत असे समजू नये, आणि मांजराच्या आकाराचे ते जीव पाहून कोणालाही उचलून घ्यावेसे वाटले, त्यांच्यासोबत छायाचित्र काढावेसे वाटले, तरी हात लावू नये. काम तत्काळ थांबवावे, सर्वांनी मागे सरावे, वनविभागाला कळवावे. वनकर्मचारी आणि माणिकडोह केंद्राचे पशुवैद्यक पिल्लांची तपासणी करतात आणि संध्याकाळी ती सापडली त्याच जागी खोक्यात ठेवून भोवती कॅमेरे लावतात. मादी अंधार पडल्यावर येते, खोके पाडते आणि पिल्लांना एकेक करून तोंडात धरून घेऊन जाते. जुन्नर भागात अशा रीतीने अनेक पिल्ले आईकडे परत गेली आहेत. यासाठी शेतकऱ्याने एक रात्र, क्वचित दोन रात्री, तो तुकडा तसाच उभा ठेवण्याची तयारी दाखवावी लागते. मुकादमाला गाडी भरायची घाई असते, कारखान्याचा ट्रॅक्टर उभा असतो, तरीही ही एक रात्र थांबणे गावाच्याच हिताचे आहे, कारण पिल्ले हरवलेली मादी त्यांना शोधत त्याच वस्त्यांभोवती पुढचे कित्येक दिवस फिरत राहते.

शहराच्या वेशीवर

सोसायट्यांसाठी सांगण्यासारखे त्यामानाने कमी आहे. कचऱ्याचे डबे झाकणाचे असावेत आणि रात्री कुंपणाबाहेर राहू नयेत. कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ते सकाळी आणि एका ठराविक जागी घालावे व उरलेले उचलावे. टेकडीकडच्या बाजूचे कुंपण, नाल्याचे तोंड आणि तळमजल्याच्या वाहनतळाचे दार रात्री बंद असावे. टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनी पुरते उजाडल्यावर जावे, कानात हेडफोन घालू नयेत आणि पाळीव कुत्रा सोबत असेल तर तो आखूड दोरीने धरलेला असावा.

अफवांचा धोका मात्र शहरात खेड्यापेक्षा मोठा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली बिबट्याची खोटी छायाचित्रे २०२५ च्या अखेरीस पुण्यात मोठ्या प्रमाणावर फिरली, आणि त्यामुळे वनकर्मचाऱ्यांचा वेळ खोट्या ठिकाणी खर्ची पडला. आलेले चित्र पुढे पाठवण्याआधी ते कोणी, कोठे आणि केव्हा काढले हे विचारावे. चिखलात ठसा दिसला तर त्याच्या शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र काढावे. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखे उमटतात, बिबट्याच्या ठशात ती सहसा उमटत नाहीत.

प्राणी खरोखरच आवारात शिरला तर सर्वांनी घरात जाऊन दारे लावावीत, आणि तो एखाद्या खोलीत किंवा जिन्यात असेल तर बाहेरून दार ओढून घ्यावे. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडच्या महात्मा सोसायटी परिसरात शिरलेला गवा गर्दीच्या पाठलागाने आणि धावपळीने थकून शेवटी मरण पावला, हे पुणेकरांनी विसरू नये. गव्याच्या जागी बिबट्या असता तर त्या गर्दीतील किती माणसे जखमी झाली असती? भुलीचे इंजेक्शन लागल्यावरही प्राणी लगेच पडत नाही, काही मिनिटे तो उसळून कोठेही जाऊ शकतो, म्हणून पथक आल्यावरही गच्चीतून पाहण्याचा मोह आवरावा आणि रस्ता मोकळा ठेवावा. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे आणि पोलिसांसाठी ११२ हा क्रमांक आहे. दोन्ही ठिकाणी कळवावे. बिबट्या विहिरीत पडलेला दिसला, तर दगड न मारता आणि कठड्यावर न वाकता याच क्रमांकांवर कळवावे.

समोरासमोर आल्यास

बहुतेक वेळा बिबट्या माणसाची चाहूल लागताच निघून जातो. तो दिसला तर थांबावे, पळू नये, पाठ फिरवू नये आणि खाली वाकू नये. लहान मूल सोबत असेल तर बिबट्यावरची नजर न हटवता मुलाला कडेवर किंवा खांद्यावर घ्यावे. हात वर करून, टॉवेल किंवा पदर पसरून आपण आहोत त्यापेक्षा मोठे दिसावे, खड्या आवाजात बोलावे आणि सावकाश मागे सरावे. त्याच्या मागे भिंत किंवा विहीर असेल तर त्याला बाजूने निघायला वाट द्यावी. दुचाकीवर असाल तर गाडी थांबवू नये, छायाचित्रासाठी तर अजिबात नाही; हॉर्न वाजवत एकसारख्या वेगाने पुढे निघावे.

येथे एका चुकीच्या सल्ल्याबद्दल स्पष्टपणे सांगणे भाग आहे. ‘जमिनीवर पालथे पडून मेल्यासारखे राहावे’ असा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. तो ग्रिझली अस्वलाने स्वतःच्या बचावासाठी, विशेषतः पिल्ले सोबत असताना, अचानक हल्ला केल्यास उपयोगी पडतो; बिबट्यासमोर आडवे पडणे म्हणजे आपली मान त्याच्या हाती देणे आहे. बिबट्याने झेप घेतलीच तर उभे राहण्याचा प्रयत्न करावा, दोन्ही हातांनी मान झाकावी, आणि काठी, खुरपे, बॅटरी, दगड, हाती येईल त्याने त्याच्या नाकावर व डोळ्यांवर मारावे. सोबतच्या माणसांनी आरडाओरडा करत एकजुटीने पुढे यावे.

जखम आणि भरपाई

जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाब देऊन धरावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्तस्राव आटोक्यात असेल तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तंबाखू असे काहीही लावू नये. ओरखडा किरकोळ दिसला तरी रेबीजची लस, गरजेनुसार प्रतिद्रव्याचे इंजेक्शन आणि धनुर्वाताची लस यांसाठी त्याच दिवशी रुग्णालयात जावे, आणि लसीचे पुढचे डोस चुकवू नयेत. मानेवर दातांच्या खुणा असतील तर त्या बाहेरून लहान दिसल्या तरी आतून खोल असतात, म्हणून रुग्णाला जेथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा ठिकाणी न्यावे.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास राज्य शासन कुटुंबाला २५ लाख रुपये देते. जखमींना आणि पशुधनाच्या मालकांनाही ठरलेल्या दरांनी साहाय्य मिळते. ते मिळण्यात अडचण येते ती बहुधा कागदांमुळे. जनावर मारले गेले असेल तर घटनेपासून ४८ तासांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवावे, आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये. ते ताडपत्रीने झाकावे, त्याची आणि भोवतीच्या ठशांची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढून ठेवावीत, कानातील बिल्ल्याचा क्रमांक टिपून घ्यावा. पंचनाम्याच्या वेळी पशुवैद्यकीय अधिकारी उपस्थित राहतील असे पाहावे, कारण मृत्यूचे कारण आणि जनावराची किंमत त्यांच्या अहवालावर ठरते. संतापाच्या भरात मेलेल्या जनावरावर विष टाकणे हा गुन्हा आहे, आणि त्याने गावातील कुत्री, घारी आणि कदाचित एखादे मूलही मरू शकते. पंचनामा वाचल्याशिवाय त्यावर सही किंवा अंगठा करू नये, त्याची प्रत मागून घ्यावी, बँक खात्याच्या पासबुकाची प्रत त्याच दिवशी जोडून द्यावी, आणि अर्ज स्वीकारल्याची तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.